बुडी मारण्याआधी सामान बांधा!

सेमिस्टर संपत आलं की आपल्या हॉस्टेलवर दोनच प्रश्न उरतात. पहिला, किती विषय राहणार? आणि दुसरा, कोकणात कधी जायचं? पहिल्याचं उत्तर विद्यापीठ देतं, दुसऱ्याचं उत्तर एस.टी.चं टाइमटेबल देतं. हल्ली मात्र या दुसऱ्या प्रश्नाला एक नवीन शेपूट फुटलं आहे. ऑनलाइन मागवलेला मास्क, स्नॉर्केल आणि फिन्सची जोडी सॅकमध्ये घालून काही मंडळी निघतात. मोबाइलवर फ्रीडायव्हिंगचे व्हिडिओ पाहिलेले असतात. निळंशार पाणी, लांबलचक फिन्स आणि एका श्वासात खोल जाणारा माणूस. बघायला फारच सोपं वाटतं!

फ्रीडायव्हिंग म्हणजे पाठीवर सिलिंडर न घेता, एकच श्वास रोखून बुडी मारायची. बोटीवरून गेलात तर बरीचशी व्यवस्था बोटीवर असते. वरून लक्ष ठेवणारा माणूस असतो, झेंडा असतो, वायरलेस असतो, पाणी असतं आणि दमलात तर धरायला शिडी असते. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरलात की यातलं काहीच नसतं. जे सोबत नेलं तेवढंच! म्हणून या लेखात खोल कसं जायचं ते सांगणार नाही, ते प्रशिक्षकाकडून शिकायचं. इथे प्रश्न एवढाच की किनाऱ्यावरून निघताना दिशा कळण्यासाठी आणि जीव वाचण्यासाठी सोबत काय न्यायचं, ते कुठे बांधायचं आणि का. ‘का’ महत्त्वाचं, कारण आपण इंजिनिअर आहोत (किंवा होऊ अशी घरच्यांची श्रद्धा आहे).

कोरियातल्या आज्या आणि त्यांचा भोपळा

या विषयातले खरे प्रोफेसर कोण विचाराल तर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो. या बायका पिढ्यानपिढ्या किनाऱ्यावरून समुद्रात जातात आणि श्वास रोखून तळाशी बुडी मारून शिंपले, समुद्री शेवाळ वगैरे गोळा करतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आज पाण्यात जाणाऱ्यांपैकी बहुतेकींचं वय साठीच्या पुढे आहे. साठीच्या पुढे! आपल्याला दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते.

या आज्यांजवळ महागडं काही नसतं. पण एक वस्तू घेतल्याशिवाय कुणीच पाण्यात उतरत नाही, ती म्हणजे तेवाक. तेवाक म्हणजे तरंगणारा गोळा, आणि त्याच्याखाली पकडलेला माल ठेवायची जाळी. पूर्वी हा गोळा म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा असायचा, पुढे त्याच्या जागी थर्माकोल आला. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचे, त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच की आपण पोहायला आलं की भोपळा सोडून देतो, आणि त्या आयुष्यभर पोहून झाल्यावरही सोडत नाहीत.

का सोडत नाहीत? कारण हा एक गोळा चार कामं करतो. वर आल्यावर छातीखाली धरून दम घेता येतो. माल वाहून नेता येतो. बाकीच्या बायकांना कळतं की अमुक इथे खाली गेली आहे. आणि बोटवाल्याला लांबून दिसतं की इथे माणूस आहे. शिवाय त्या गटाने जातात, आणि वर आल्यावर श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज काढतात. आजूबाजूच्या बायकांना तो आवाज ऐकू आला की समजतं, बाई सुखरूप वर आली. कुठलीही बॅटरी नाही, तरी सिग्नलिंग सिस्टिम चालू!

पाण्यातलं डोकं किती लांबून दिसतं?

आता थोडी आकडेमोड करू. पोहणाऱ्याचं फक्त डोकं पाण्याबाहेर असतं. डोक्याची रुंदी साधारण २० सेंमी धरा. ३०० मीटरवरून बघणाऱ्याच्या डोळ्यात त्याचा कोन होतो ०.२ भागिले ३००, म्हणजे ०.६७ मिलिरेडियन, म्हणजे जेमतेम सव्वादोन कलामिनिटं. निरोगी डोळ्याची मर्यादा सुमारे १ मिनिट असते. म्हणजे अगदी शांत पाण्यात, तिकडेच टक लावून पाहणाऱ्याला एक ठिपका दिसेल. पाण्यावर उन्हाची चमक असेल आणि अर्धा मीटरच्या लाटा असतील तर तोही दिसणार नाही. काळे केस, काळा वेटसूट... संपलं!

आपल्यालाही फारसं दिसत नाही. क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायला डोळ्याच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ घेऊन ३.५७ ने गुणायचं. पाण्यात डोळे १५ सेंमी उंचीवर असतात, म्हणजे क्षितिज सुमारे १.४ किमीवर. बोटीत उभ्या असलेल्याचे डोळे २ मीटरवर, म्हणजे ५ किमी. त्यामुळे पाण्यातून ‘किनारा दिसेनासा झाला’ असं वाटणं आणि खरोखर लांब जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाट मध्ये आली की पाचशे मीटरवरचा किनाराही गायब होतो.

निष्कर्ष सरळ आहे. माणूस लहान आहे, म्हणून त्याच्याबरोबर मोठं, उंच आणि भडक काहीतरी हवं.

बोया, दोरी आणि झेंडा

म्हणून सामानातली पहिली वस्तू बोया, आणि बाकी सगळं त्याच्यानंतर. रंग नारिंगी किंवा पिवळा. आकार गोल ट्यूबपेक्षा लांबट, टॉर्पेडोसारखा असला तर बरा. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलेलं इथे कामी येतं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर विरोध चौपट आणि लागणारी शक्ती आठपट. ती शक्ती तुमच्याच मांड्यांमधून यायची आहे! फुगवायच्या बोयाला भोक पडलं तर संपूर्ण आधारच जातो, म्हणून दोन कप्प्यांचा किंवा आत फोम भरलेला बोया जास्त भरवशाचा.

बोयापासून आपल्यापर्यंत दोरी. पाण्याच्या खोलीपेक्षा दोरी बरीच जास्त हवी, कारण ती कधीच सरळ उभी राहत नाही, प्रवाहात तिरकी होते. दोरी तरंगणारी असेल तर तळाच्या खडकात कमी अडकते. पण दोरी म्हटली की गुंता आला, म्हणून दोन नियम. पहिला, दोरी मनगटाला गाठ मारून बांधायची नाही. एका ओढीत सुटेल अशी कडी किंवा क्लिप हवी, आणि ती डोळे मिटून सोडता यायला हवी. दुसरा, दोरी कापायला छोटा सुरा किंवा कटर अंगावर हवा, आणि तोही दोन्ही हातांनी पोचेल अशा जागी. एक हात अडकला तर दुसऱ्याने काढता आला पाहिजे! कोकणच्या पाण्यात तुटलेली जाळी तळाला पडलेली असतात, त्यामुळे हा सुरा शोभेचा नाही.

बोयावर झेंडा. यात दोन प्रकार जगभर ओळखले जातात. एक, लाल चौकोनावर तिरपा पांढरा पट्टा, ज्याचा अर्थ खाली बुडी मारणारा आहे. दुसरा, आंतरराष्ट्रीय संकेतांमधला निळा-पांढरा ‘अल्फा’ झेंडा, जो बुडी मारणाऱ्यांची बोट लावते. काही देशांत याचे नियम आकड्यांत लिहिलेले आहेत. इटलीत झेंडा ३०० मीटरवरून दिसला पाहिजे आणि बुडी मारणाऱ्याने बोयापासून ५० मीटरच्या आतच राहिलं पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मोकळ्या पाण्यात झेंड्यापासून ३०० फुटांच्या आत आणि बोटींच्या वाटेत १०० फुटांच्या आत राहायचा नियम आहे.

हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. २० नॉटने येणारी बोट सेकंदाला सुमारे १० मीटर कापते. झेंडा ३०० मीटरवर दिसला तर बोटवाल्याला ३० सेकंद मिळतात. १०० मीटरवर दिसला तर १० सेकंद. आणि तुम्ही १० मीटर खोलीवरून सेकंदाला १ मीटर या वेगाने वर येत असाल तर तुम्हालाही बरोब्बर १० सेकंदच लागतात!

आपल्याकडे एक व्यावहारिक अडचण आहे. त्या झेंड्याचा अर्थ प्रत्येक बोटवाल्याला माहीत असेल असं धरून चालू नका. किनाऱ्यावर जाऊन सरळ सांगायचं, “काका, आम्ही त्या खडकाच्या अलीकडे आहोत, दहापर्यंत. नारिंगी बोया दिसला की जरा लांबून जावा.” हे दोन मिनिटांचं बोलणं कुठल्याही झेंड्यापेक्षा जास्त काम करतं. वर काका हेही सांगतात की आज तिकडे जाळं टाकलंय, जाऊ नका.

इंजिनचा आवाज येतो, पण कुठून?

पाण्याखाली बोटीचं इंजिन छान ऐकू येतं. गंमत अशी की दिशा कळत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात उजव्यापेक्षा अर्ध्या मिलिसेकंदाने वगैरे आधी पोचतो, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सुमारे १५०० मीटर. तोच फरक चौथ्या हिश्शाहून कमी होतो आणि मेंदूचा हिशोब चुकतो. सगळीकडूनच आवाज येतोय असं वाटतं. मास्कमधून दिसणारी अंतरंही फसवतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे प्रत्येक गोष्ट खऱ्या अंतराच्या पाऊणपटीवर आहे असं भासतं.

म्हणून नियम असा की वर यायचं ते आपल्या दोरीलगत, बोयाशेजारीच. शेवटच्या काही मीटरमध्ये एक हात वर धरायचा आणि गोल फिरून बघत यायचं.

दिशा: दोन खुणा, एक होकायंत्र आणि पंचांग!

आता नॅव्हिगेशन. सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं साधन म्हणजे किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरणं. जवळचा एखादा माड आणि मागच्या टेकडीवरचा टॉवर एकावर एक दिसत असतील तर तुम्ही एका ठरावीक रेषेवर आहात. माड टॉवरच्या डावीकडे सरकला तर तुम्ही उजवीकडे वाहत गेलात. (किनाऱ्याकडे तोंड करून बघा, पटेल.) अशीच दुसरी जोडी काटकोनाच्या आसपास धरली की दोन रेषांच्या छेदात तुमची जागा नक्की होते. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला प्लेन टेबल घेऊन उन्हात उभं राहायचो, तेच हे, फक्त टेबल नाही. मच्छीमार मंडळी जीपीएस यायच्या कितीतरी आधीपासून अशाच खुणांवर जागा शोधत आली आहेत.

होकायंत्र मनगटावर हवं, कारण खुणा नेहमी दिसतीलच असं नाही. धुकं, पावसाची सर किंवा लाटा. पाण्यात शिरायच्या आधी किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे जायचा अंश वाचायचा. समजा २६० अंश. परतीचा मार्ग त्यातून १८० वजा, म्हणजे ८० अंश. हा आकडा पाण्यात गेल्यावर काढायचा नाही, आधीच बोयावर मार्करने लिहून ठेवायचा. थकलेल्या मेंदूला वजाबाकीही व्हायव्हासारखी वाटते. आणि होकायंत्राजवळ लोखंडी सुरा किंवा मॅग्नेटचा टॉर्च नको, नाहीतर उत्तर दिशा तुमच्याच कमरेला असेल.

तिसरी गोष्ट प्रवाह. अर्धा नॉट म्हणजे मिनिटाला १५ मीटर. काहीच वाटत नाही. पण अर्ध्या तासात ते ४६० मीटर होतं. एक नॉट प्रवाहात दीड मिनिटाची एक बुडी मारलीत तरी जिथे खाली गेलात तिथून सुमारे ४५ मीटर लांब वर याल. म्हणून सुरुवात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध करायची, म्हणजे दमल्यावर परत येताना प्रवाह मदतीला असतो.

प्रवाहाचा अंदाज घ्यायला आपल्याकडे एक जुनं साधन आहे, ते म्हणजे तिथी. कोकणातला ठोकताळा असा की तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, त्याचाच हा सोपा हिशोब. ठिकाणानुसार फरक पडतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच, पण तोंडी ताळा करायला हे उत्तम.

आता हेच पुढे न्या. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती पूर्ण झाली की सव्वासहा तास ओहोटी. ओहोटीचा जोर मधल्या दोन तासांत सगळ्यात जास्त असतो, म्हणजे दुपारी दीड ते साडेतीन. आणि पौर्णिमा-अमावास्या म्हणजे उधाण, तेव्हा पाण्याची चढउतार सगळ्यात मोठी. सोलकढी आणि सुरमई हाणून आपली गँग पाण्यात कधी शिरते? बरोबर, दुपारी दोनला! त्यात जागा खाडीच्या तोंडाशी असेल तर विचारायलाच नको, खाडीतलं सगळं पाणी त्याच वाटेने बाहेर पडत असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा प्रवाह मवाळ असतो.

चौथी गोष्ट वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतंय? रात्री आणि पहाटे जमीन थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. सकाळी किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं, त्याला हे एक कारण. पण तोच वारा बोयाला आणि तुम्हाला हळूच बाहेर ढकलत असतो. पाणी शांत दिसतं म्हणजे ओढ नाही, असं नाही.

मोबाइल आहे ना? आहे, पण...

“जीपीएस आहे ना राव मोबाइलमध्ये!” हा प्रश्न येणारच. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी पुढचं वाचू नये, त्यांना माहीत आहे (असं आपण धरू).

जीपीएसचा सिग्नल १५७५ मेगाहर्ट्झवर येतो. समुद्राचं पाणी खारट, म्हणून वीजवाहक. या फ्रिक्वेन्सीला साधारण एका सेंटिमीटर पाण्यातच लाटेची उंची जवळजवळ एक तृतीयांशावर येते. १० सेंमी खाली गेलात की सिग्नल ७० डेसिबलहून जास्त घसरतो, म्हणजे पॉवर एक कोटीव्या हिश्शाहूनही कमी. उपग्रहाकडून येणारा सिग्नल मुळातच इतका क्षीण असतो की त्यानंतर काही उरत नाही. मोबाइलच्या टॉवरचीही तीच गत. म्हणजे कमरेला लावलेला मोबाइल पाण्यात वजन म्हणून उत्तम! तो चालवायचा असेल तर पाण्याबाहेर, बोयाच्या वर, पारदर्शक पाऊचमध्ये हवा.

‘वॉटरप्रूफ’ शब्दावरही फार विसंबू नका. आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपी-६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, आणि चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. खारं पाणी आणि लाटांचे फटके ही वेगळी परीक्षा आहे. शिवाय ओल्या बोटांनी टचस्क्रीन ऐकत नाही. म्हणून मोबाइल न्यायचा, पण तो आपला एकमेव आधार समजायचा नाही.

हाक मारायची साधनं

दिशा चुकली, प्रवाहाने ओढलं आणि बाहेर गेलात, तर आता प्रश्न दिसण्याचा आणि ऐकू जाण्याचा.

शिट्टी: आत गोळी नसलेली प्लास्टिकची. गोळीवाली शिट्टी पाणी भरलं की घुसमटते. ओरडून पाच मिनिटांत घसा बसतो, शिट्टी मात्र श्वास आहे तोवर वाजते. इंजिन चालू असलेल्या बोटीवर ती ऐकू जाईलच असं नाही, पण शोधायला आलेल्यांनी इंजिन बंद केलं की तिचा उपयोग होतो.

आरसा: बॅटरी लागत नाही, बिघडत नाही. सूर्याचा कोनीय व्यास अर्धा अंश, म्हणून सपाट आरशातून निघालेला झोतही तेवढाच पसरतो. ५ किमीवर तो जेमतेम ४५ मीटर रुंद असतो. म्हणजे नेम धरावा लागतो. हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात बोट दिसेल असं धरायचं आणि झोत त्या बेचक्यावरून हलवत राहायचं. हॉस्टेलच्या गच्चीवर सराव करता येतो. (समोरच्या हॉस्टेलवर नको, रेक्टर सरांना वेगळं वाटेल.)

टॉर्च: “आम्ही तर दिवसा जाणार!” हो, पण शोध संध्याकाळपर्यंत चालू शकतो. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत चांगलंच अंधारतं. लुकलुकणारा छोटा दिवा काळ्या पाण्यात फार लांबून दिसतो.

फुगवायची उभी नळी: नारिंगी, गुंडाळून खिशात मावणारी, तोंडाने फुगवली की माणसाच्या डोक्यावर मीटरभर उभी राहते. बोया हातचा गेला तर हीच तुमचा झेंडा.

पीएलबी: हा वैयक्तिक बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश पाठवतो. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून तो त्या देशाच्या शोध-बचाव केंद्राकडे जातो. भारतात इस्रो आणि तटरक्षक दल यात आहेत. बॅटरी सुरू केल्यावर किमान २४ तास चालते. पण अँटेना पाण्याबाहेर आणि आकाशाकडे उघडी हवी, बीकन नोंदवलेला हवा, आणि बुडी मारताना नेणार असाल तर त्याची खोलीची मर्यादा बघून, गरज असेल तर वेगळ्या डबीत न्यावा. सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर मात्र भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातला चुलतभाऊ प्रेमाने पाठवतो म्हणाला तरी आधी नियम विचारा!

हे सगळं जास्तच वाटतंय? न्यूझीलंडच्या रॉब हेविटचं उदाहरण घ्या. हा नौदलातला अनुभवी पाणबुड्या. फेब्रुवारी २००६ मध्ये माना बेटाजवळ बोटीवरून स्कूबासाठी उतरला, प्रवाहाने ओढला गेला आणि सुमारे ७५ तासांनी जिवंत सापडला. वेटसूट, कणखर मन आणि पिशवीतले समुद्री जीव खाऊन तो टिकला. पुढे तो पाण्यातल्या सुरक्षिततेचा प्रचार करू लागला. टिकणं त्याच्या हातात होतं, सापडणं नव्हतं. वरची सगळी यादी त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

कुठलं सामान कुठे?

दुकानातून सगळं आणलं आणि बोयाला लटकवलं, असं केलं तर एक दोरी तुटली की सगळं गेलं. आपल्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणून तीन थर करा.

अंगावर: बोया गेला तरी जे लागेल ते. शिट्टी, सुरा किंवा कटर, मनगटावर घड्याळ आणि होकायंत्र, गुंडाळलेली नळी, छोटा दिवा, आणि असेल तर पीएलबी. वजनाचा पट्टा लावत असाल तर एका हाताने, एका ओढीत सुटणारा.

बोयावर: झेंडा, पिण्याचं पाणी, पाऊचमधला मोबाइल, आरसा, जास्तीची दोरी, मार्करने लिहिलेला परतीचा अंश.

किनाऱ्यावर: एक माणूस. हो, तोही सामानातच धरा! त्याच्याकडे कागद हवा. किती जण गेले, कुठून शिरले, कुठून बाहेर येणार, किती वाजता परतणार, आणि किती वाजेपर्यंत आले नाहीत तर फोन करायचा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि आपत्कालीन ११२. ‘अजून पाच मिनिटं थांबू’ असं दर पाच मिनिटांनी म्हणायचं नाही, म्हणून वेळ आधीच लिहायची.

सामान जिथे हरतं

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्रीडायव्हिंगमधला सर्वात मोठा धोका हरवणं नाही, तर शुद्ध हरपणं आहे. आणि त्यावर बाजारात यंत्र मिळत नाही.

कारण समजून घ्या. १० मीटर खोलीवर दाब दोन वातावरणांचा असतो. फुप्फुसातल्या हवेत समजा ५ टक्केच ऑक्सिजन उरला आहे. तिथे त्याचा आंशिक दाब ०.०५ गुणिले २, म्हणजे ०.१ वातावरण. मेंदू चालू राहतो, काही जाणवत नाही. वर आलात की तोच दाब ०.०५ वर येतो आणि मेंदू बंद पडतो. म्हणून शुद्ध बहुतेक वेळा तळाला जात नाही, तर वर येताना शेवटच्या टप्प्यात किंवा पृष्ठभागावर आल्यावर जाते. बुडीआधी जोरजोरात श्वास घेणाऱ्यांचा धोका आणखी वाढतो. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटण्याचा अलार्म त्याच्यावरच चालतो. अलार्म बंद केला म्हणून आग लागत नाही असं नाही!

बेशुद्ध माणूस शिट्टी वाजवत नाही, आरसा धरत नाही, बीकनचं बटण दाबत नाही. हातात उरतात ती थोडी मिनिटं, आणि तेवढ्यात पोचू शकतो तो फक्त शेजारचा जोडीदार. म्हणून एक खाली, एक वर. वरच्याने खालच्यावर नजर ठेवायची, तो वर आल्यावरही किमान ३० सेकंद त्याच्याकडेच बघत राहायचं. दोन बुड्यांमध्ये बुडीच्या वेळेच्या किमान दुप्पट विश्रांती. जोडीदारही त्याच खोलीपर्यंत जाऊ शकणारा हवा, नाहीतर तो फक्त प्रेक्षक.

रशियाची नतालिया मोलचानोवा या खेळातली सर्वश्रेष्ठ मानली जायची. २०१३ मध्ये तिने स्थिर पाण्यात ९ मिनिटं २ सेकंद श्वास रोखला होता. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फॉरमेन्तेरा बेटाजवळ, तिच्या मानाने किरकोळ खोलीची बुडी मारायला, दोरीला न जोडता ती खाली गेली आणि परत आली नाही. ती कधीच सापडली नाही. दोरी आणि नजर विश्वविजेत्यांनाही लागते.

जाता जाता, आपल्यापुरतं

पावसाळ्यात नाव काढू नका. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीही बंद असते, आणि ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते किनाऱ्यावर बसतात. मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७ पासून) काही गोळा करायला जाऊ नका. पाणी गढूळ असेल आणि जोडीदार तीन मीटरवर दिसत नसेल तर त्या दिवशी वरचं ‘एक खाली, एक वर’ चालतच नाही, तेव्हा फक्त पोहा आणि मासे खा. दारू प्यायलेला माणूस किनाऱ्यावरच्या माणसाच्या ड्युटीलाही चालत नाही.

आणि सुरुवात उद्याही करता येईल. कॉलेजच्या तरणतलावात, जीवरक्षक हजर असताना, बोया, दोरी, पट्टा लावून बघा. डोळे मिटून क्लिप सोडा. दोन्ही हातांनी आळीपाळीने कटर काढा. शिट्टी ओली करून वाजवा. मोबाइलच्या पाऊचमध्ये आधी टिश्यू पेपर घालून रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी टिश्यू कोरडा निघाला तरच मोबाइल घाला. बादली रूम पार्टनरची असेल तर आधी विचारा.